तोंडचोर

विहिरीच्या कठड्यापाशी पाच वर्षांच्या छबीची एकच चप्पल सापडली, तशी नलू गड्यांना हाका मारत धावली. गड्यांनी पाण्यात गळ टाकला.

धाकट्या बहिणीनं विहिरीकडे फिरकू नये, म्हणून नलूनंच तोंडचोर रचला होता. तो म्हणे पाण्यात राहतो, डोकावणाऱ्याचं तोंड चोरतो आणि तेच लावून गावभर हिंडतो. छबी विहिरीकडे बघेनाशी झाली खरी, पण झोपेत किंचाळायला लागली. आज सकाळी आईनं नलूचा कान पिळला. "आत्ताच्या आत्ता सांग तिला, सगळं खोटं आहे म्हणून!" नलूनं सांगितलं. ऐकताच छबीनं जी धूम ठोकली, ती दिसलीच नाही.

"मीच गं तिची भीती घालवली!" आई कपाळ बडवत होती.

एवढ्यात गोठ्यातल्या रिकाम्या कणगीतून शिंक आली. आत तुसानं माखलेली छबी, एका पायात चप्पल.

"सटवे, इथं काय करतेस?" आईनं तिला उराशी आवळलं.

छबीनं नलूकडे बोट दाखवलं. "ती ताई नाहीये! तोंडचोर आलाय, ताईचं तोंड लावून. मला म्हणतो, तोंडचोर नसतोच!"

आई रडता रडता हसत सुटली. संध्याकाळी तिनं नलूपुढे कोरी वही ठेवली. "लिही बाई, काय लिहायचं ते. पण पुन्हा खोटं आहे म्हणून सांगू नकोस!"

नलूताईंच्या भुताखेतांच्या कादंबऱ्या आता बावीस झाल्या. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असं एकीतही छापलेलं नाही.