ठमी नावाचा लघुग्रह

"ठमी!" संचालकांनी फलकावरचा पडदा ओढला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या थोरलीचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

लघुग्रहाला ठमीचं नाव! जिने उभ्या जन्मात दुर्बिणीला डोळा लावला नाही, त्या धाकट्या बहिणीचं!

"मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला हा दगड," संचालक सांगत होते, "सात किलोमीटर लांब, कोळशासारखा काळा, अंगाने ओबडधोबड. स्वतःभोवती एकदा फिरायला त्याला चार दिवस लागतात."

"म्हणजे माझ्यासारखाच आळशी," शेजारी बसलेली ठमी खुदकन हसली.

थोरलीला कसलं हसू येतंय! वेधशाळेतल्या बाबांच्या खोलीत आकाशाच्या एकाच तुकड्याची चित्रं एकामागून एक बघताना सगळे तारे जागच्या जागी होते आणि एकच ठिपका सरकत होता. तो तिला दिसला होता. बाबा तेव्हा चष्मा पुसत बसले होते. पुढे तो किती रेंगाळत फिरतो हे कळल्यावर तीच म्हणाली होती, "बाबा, ही तर आपली ठमीच! कूस बदलायला चार दिवस!" बाबा पोट धरून हसले होते. मग त्यांनी कसल्याशा कागदावर सही मागितली, तीही तिने न वाचता ठोकली. बाबांचे कागद कोण वाचत बसतं?

आणि आता हे. राबायचं एकीने, मिरवायचं दुसरीने.

"नाव सुचवायचा मान शोध लावणाऱ्याचा," संचालक पुढे म्हणाले. "फक्त स्वतःचं नाव देता येत नाही, असा दंडक आहे."

म्हणून बाबांनी लाडकीचं दिलं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यासपीठावरून बाबा तिच्याकडे बघून मिश्कील हसत होते. ते पाहून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती ताडकन उठली.

"ताई, बस ना," ठमीने हात धरला. तिने तो झटकला.

"हे सगळं खोटं आहे! हा लघुग्रह बाबांनी शोधलेलाच नाही. मी शोधलाय! माझ्या जिवावर हे मोठे झाले, आणि माझं साधं नाव द्यावंसं वाटलं नाही यांना!"

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी मान खाली घातली.

संचालक गोंधळून तिच्याकडे वळले.

"हो बाई, तुम्हीच शोधलात. तुमच्या वडिलांनी पहिल्या दिवसापासून तसंच कळवलंय. म्हणून तर तुमचं नाव देता आलं नाही."