आडवी खुंटी

संतपूर मागं पडलं तसा जळका वास वाढला. रविकुमारने काच खाली केली, पुन्हा वर केली. वास बाहेरचा नव्हता. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता, तीही कुणाची तरी वापरलेली, आणि आज नेमकं घोडं कुठं पेंड खातंय हे त्याला कळेना. पाय दाबून दाबून दुखायला लागला, तरी काटा चाळीसच्या वर सरकत नव्हता.

मागच्या सीटवर त्याची बहीण भाग्यलक्ष्मी आडवी झाली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. चिंताकीतून निघताना कळा वीस-वीस मिनिटांनी येत होत्या. आता मध्ये जेमतेम आठ मिनिटं जात होती. आणि बिदर अजून बरंच लांब होतं.

पुढं त्याच्या शेजारी आई, बाणूबाई, आणि तिच्या मांडीवर कोकरू. परवा विताना कोकराची आई मेली, तेव्हापासून ते बाटलीवर होतं. "घरी त्याला दूध कोण पाजवंल?" म्हणत बाणूबाई त्याला घेऊनच गाडीत बसली. बाळंतिणीच्या गाडीत मेंढरू! रवीने कपाळाला हात लावला होता, पण वाद घालायला वेळ कुणाला होता?

खरं नवल तर वेगळंच होतं. वस्तीतली निम्मी पोरं बाणूबाईच्याच हातावर जन्मलेली. मेंढ्यांची तर गणतीच नाही. पण सकाळी लेकीला पहिली कळ आली आणि तीच म्हणाली, "गाडी काढ. दवाखान्यात जाऊ." रवीची छाती फुगली. मायला शेवटी गाडीची किंमत कळली, असं त्याला वाटलं.

"अण्णा, कामून हळू चालवायलास?" भाग्यलक्ष्मी कण्हली.

"ओढंना झालीय गाडी. काय करू?"

तेवढ्यात आरशात मागच्या चाकाजवळ धूर दिसला. रवीने गाडी कडेला घेतली, उडी मारली आणि पाण्याची बाटली उघडत चाकाकडं धावला.

"ए तम्मा! पाणी नको टाकू!" मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर थांबवून वस्तीतलाच काशप्पा खाली उतरला. "तापलेल्या डरमावर गार पाणी टाकलास तर तडकंल की." मग त्याने काचेतून आत पाहिलं. "आरं, हॅन्डब्रेक वडलेला हाय! तसाच पळवायलास व्हय?"

रवी आत वाकला. दांडी दोन दात वर होती आणि तिला कोकराचा दोर बांधलेला, पक्की गाठ मारून. समोर लाल दिवाही जळत होता. पण या गाडीचा कुठला ना कुठला दिवा नेहमीच जळायचा, म्हणून त्याचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

"माय, हे कुणी केलं?"

"मीच बांधलं. निघताना लई उड्या मारायलतं. खुंटी आडवी पडल्ती. आडव्या खुंटीला दोर टिकतो व्हय? म्हणून जरा उभी केली."

"खुंटी?" रवीचा तोल सुटला. "हितं पोरीचा जीव चाललाय आन् तू खुंट्या उभ्या कर! आता कशालाच हात लावू नको तू. कशालाच!"

बाणूबाईने गाठ सोडली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

दांडी खाली केली तरी चाक मोकळं होईना. काशप्पा पाना घेऊन गाडीखाली शिरला, तारेचा नट ढिला केला, ब्रेकच्या ड्रमवर दगडाने दोनदा ठोकलं. "आता हॅन्डब्रेक लागणार न्हाई," तो हात झटकत म्हणाला. "कुठं थांबलास तर चाकाला दगड लाव. आन् धा मिनटं निवू दे आधी."

दहा मिनिटं! रवी गाडीभोवती फिरत राहिला. घड्याळ बघे, चाक बघे, रस्ता बघे. आत भाग्यलक्ष्मीला मोठी कळ आली.

"माय! इकडं ये गं! हात लावून बघ!"

बाणूबाई कोकरू सीटवर ठेवून मागं जाऊन बसली. पण हात पदरातून बाहेर आले नाहीत.

"माय, मगाशी बोललो ते सोड," रवी दारातून म्हणाला. त्याला आता स्वतःचीच लाज वाटत होती. "बघ की तिला."

"तुझ्या बोलण्याचं न्हाई रे." बाणूबाई म्हणाली. "परवा त्या मेंढीच्या पोटात कोकराचा पाय अडकलता. मी सोडवायलते, आन् ती माज्या हातातच गेली. आजवर अशी एक गेली न्हाई. तवापासून हात थरथरायलेत. माज्याच लेकीला हे हात कसे लावू?"

काशप्पाने ट्रॉलीतल्या उसाकडं तोंड फिरवलं.

भाग्यलक्ष्मीने धाप आवरली. आईच्या पदरात हात घालून तिने एक हात बाहेर ओढला आणि आपल्या पोटावर ठेवला. तो खरंच थरथरत होता. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"थरथरू दे," ती म्हणाली. "लाव."

हात बराच वेळ तसाच राहिला. मग हळूच सरकला, ओटीपोटाशी थांबला. बाणूबाईने दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"डोकं खाली हाय," बाणूबाई म्हणाली. मग तिने रवीकडं पाहिलं. "चल की आता, चाक निवलंय. बघत कामून ऱ्हायलास?"