कोरं मांजरपाट

उशीचा अभ्रा.

चहाचं गाळणं.

लेकीचा परकर, घरातच शिवलेला.

गणपतीत मूर्तीमागे ताणतात तो पडदा.

चाळीतले नाना मास्तर म्हणायचे, मांजरपाट हे नाव मद्रासेकडच्या कुठल्याशा गावावरून आलं, आणि आलं ते साहेबाच्या जहाजातून. त्यावर धोंडू म्हणायचा, "मास्तर, मांजर पाटावर बसलं, मी विणलं. उगाच मद्रासला कशाला जाता?"

ह्या सगळ्याला लालबागेत एकच शब्द होता, मांजरपाट. धोंडू गिरणीच्या साळखात्यात जन्मभर तेच जाड, स्वस्त कापड विणत आला. ताका उतरला की त्यावर हात फिरवून म्हणायचा, "ह्यातला एक तुकडा माझा हां, मुकादम. जाताना अंगावर घालायला. कोराच पाहिजे."

छप्पन सालचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर संचारबंदी. अशात एका पहाटे धोंडू तापाने गेला.

दुपारी थोड्या वेळाची सूट होती. तेवढ्यात त्याला न्यायचं होतं. बांबू मिळाले, मडकं मिळालं. कापड मिळेना. धोंडूचा मुलगा महादेव काळाचौकीपर्यंत दारं ठोठावून आला. एक कापडवाला वरच्या खिडकीतून म्हणाला, "फळी काढली तर दगड येतील रे माझ्यावर!" चाळीत सगळे कापड विणणारे, धुणारे, रंगवणारे, पण गिरणीच्या दारात रोज झडती. कोरा तुकडा कुणाच्याच घरात नव्हता.

शेजारच्या आनंदाने खाटेखालून एक गुंडाळी ओढली. मोर्चाचा फलक. गेरूने लिहिलेलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

"मांजरपाटच आहे. परवाच लिहिलंय. बाहेर काढलेलं पण नाही अजून."

"नाक्यावर पोलीस आहेत, आनंदा. हे घालून नेलं तर बाबाला तिथेच खाली ठेवायला लावतील."

"अक्षरं आत घे ना."

"पलीकडून दिसतात रे."

महादेव गिरणीत धुलाईखात्यात होता. डाग दिसला की हात सोड्याकडे जायचा. त्याने फलक चाळीच्या नळावर नेला, सोडा टाकला, आपटला, पिळला. लाल पाणी मोरीतून वाहत गेलं. अक्षरं पुसट होत गेली. शेवटी 'पाहिजे' तेवढं फिकं गुलाबी राहिलं. त्याला जरा बरं वाटलं. सकाळपासून आपल्या हातून काहीतरी झालं.

खोलीत पुतळाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. महादेवने कापड पुढे केलं. तिने काठ दोन बोटांत धरला, चोळला. पुन्हा चोळला.

"खळ खंय गेली?"

गिरणीतून निघालेल्या कापडाला कडक खळ असते. ती पहिल्या पाण्यात जाते, आणि खळ गेली की कापड कोरं राहत नाही. विणकराच्या बायकोला हे सांगावं लागत नाही.

"म्हादेवा, ह्यां धुतलंस तू?"

"आये, त्यावर लिहिलेलं होतं..."

"लिहिलेलां चलता रे," पुतळाबाई म्हणाली. "धुतलेलां खंय चलता?"

महादेवच्या हातांना अजून सोड्याचा वास होता. "मग काय करू आता? सांग ना, आये. काय करू?"

खालून कुणीतरी ओरडलं, "आटपा रे! सूट संपत आली!"

पुतळाबाई उठली. तिने ते ओलं कापड झटकलं आणि स्वतःच नवऱ्याच्या अंगावर पसरलं. चारी बाजूंनी खोचलं, थंडीच्या दिवसांत खोचायची तसं.

"जल्मभर लोकांक कोरां विणल्यान," ती म्हणाली.

नाक्यावर हवालदाराने काठी आडवी धरली. त्याने कापडाकडे पाहिलं, 'पाहिजे' वाचलं. मग काठी खाली केली, टोपी काढली आणि बाजूला झाला.

"न्या," तो म्हणाला. "एवढं पुसायला कशाला बसलात?"

महादेवच्या खांद्यावर पाणी ठिबकत होतं.

गिरणी बंद पडली त्या पाळीत धोंडूने विणायला घेतलेला मांजरपाटाचा ताका त्याच्या सांच्यावर तसाच ताणलेला होता, अर्धा, कोरा.