पाव ग्रॅमची वाढ

“‘मर्सी सिक्स’ ही गोळी प्राण्याला वेदना होऊ देत नाही. देहात शिरताच ती सहा समान पाकळ्यांनी उमलते, आपले नव्व्याण्णव टक्के वजन राखते आणि जनावर जागच्या जागी संपवते.” माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे विधान सोनेरी अक्षरांत छापले होते. खाली प्रयोगशाळेच्या शिक्क्यासाठी एक चौकोन रिकामा ठेवला होता.

मृणालिनी ‘उमलते’ या क्रियापदाशी थांबली. मरण विकायला माळ्याची भाषा उसनी आणली होती. वेदना झाली नाही, याची साक्ष कोणी दिली हे पत्रकात नव्हते. ज्याने द्यायची त्याचे मुंडके कोणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेले असणार. शारजाच्या या प्रयोगशाळेत ती बारा वर्षे धातू तपासत होती. गेल्या वर्षी हीच तांब्याची गोळी ‘थंडर’ या नावाने तिच्या टेबलावर आली होती. तेव्हा टोकाचे प्लास्टिक तांबडे होते आणि पत्रकात पुरुषार्थ होता. यंदा टोक हिरवे झाले होते आणि करुणा आली होती. धातूत काडीचा फरक नव्हता.

समोर संग्राम बसला होता, कंपनीचा मार्केटिंग प्रमुख. त्याने मखमली डबी उघडली. नामिबियात हरणाच्या खांद्यातून काढलेली म्हणून सांगितलेली, सहा पाकळ्यांनी फुललेली गोळी आत चमकत होती. उद्या अबुधाबीच्या शिकार-प्रदर्शनात ती काचेखाली ठेवायची होती.

“मॅडम, फक्त स्टॅम्प आणि साइन. तुमच्या बॉसशी बोलणं झालंय. वर्षभराचं टेस्टिंग तुमच्याकडेच, इन्शाल्ला.” तो प्रेमाने पुढे झुकला. “आणि लेक ईश्वरी यंदा बारावीला ना? दोघींचा व्हिसा याच नोकरीवर. मध्येच झंझट नको.”

मराठीत आलेली धमकी आपुलकीचा अंगरखा घालून येते. मृणालिनीने काटा पुढे ओढला. न झाडलेली गोळी काट्यावर ठेवली: १०.६९ ग्रॅम. डबीतली ठेवली: १०.९४. काटा शून्यावर आणून तिने पुन्हा तोलली. तेवढेच.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “हरणाच्या अंगातून येताना तुमची गोळी पाव ग्रॅमने लठ्ठ झालीय. मरता मरता तांबं दान करणारं जनावर मी पहिल्यांदाच ऐकतेय.”

“मशीनचा एरर असेल, मॅडम.”

तिने भिंग घेतले. पाकळ्यांच्या कडांवर कानशीचे बारीक ओरखडे होते. प्रत्येक पाकळीचे टोक किंचित आत वळवलेले होते. ते वळण तिच्या ओळखीचे होते. रोज सकाळी आरशात दिसणारे. तिच्या कानांतल्या फुलांना तेच वळण होते, आणि ती फुले दुबईतल्या देऱ्याच्या गोल्ड सूकमधल्या वसंतराव सोनारांनी घडवली होती.

तिने संग्रामसमोरच फोन लावला, आवाज खुला ठेवून.

“हो ताई, माझंच काम!” वसंतराव खुलले. “तांब्याची फुलं, सात नग. शोपीस पाहिजे म्हणाले. पसंत पडलं का त्यांना?”

“वजन थोडं जास्त भरलंय, वसंतराव.”

“भरणारच की! कानस लागली की घट येते. म्हणून सांगितलेल्या वजनापेक्षा थोडं वरचं धरून घडवतो. घट सोनारानं सोसायची, गिऱ्हाइकानं नाही. आमच्या विट्याकडची रीत आहे ती. सोनं असो, तांबं असो, हातून कमी वजनाचा माल जायचा नाही.”

फोन बंद झाला. साऱ्या व्यवहारात वजनाची चाड एकट्या सोनाराला होती, आणि तीच कंपनीला भोवली.

संग्रामचा चेहरा मात्र उतरला नाही. लाज वाटायलाही काही गुंतवणूक लागते. “यल्ला, चला, पकडलंत. आता साइन करा.”

मृणालिनीने पत्रक बाजूला सारले आणि प्रयोगशाळेचा छापील अहवाल पुढे ओढला. दोन्ही वजने लिहिली. कानशीचे ओरखडे लिहिले. “करते सही. शेवटच्या रकान्यात नमुना आणणाऱ्याचं निवेदन घ्यावं लागतं. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत, त्याच्या सहीनिशी. सोनाराकडे जायची वेळ का आली?”

तो मोठ्याने हसला. “मराठीत लिहिणार? लिहा की, ताई! अबुधाबीत कोण वाचतंय!” परमुलखात आपली भाषा म्हणजे आतून कडी लावलेली खोली, असे त्याला वाटत आले होते. अहवालाची एक प्रत इंग्रजी आणि अरबी भाषांतरासह प्रदर्शनाच्या आयोजकांकडे जाते, हे त्याच कागदाच्या तळाशी छापले होते. पत्रके लिहिणारे कागद वाचत नाहीत.

तो बोलला, ऐसपैस, घरच्यासारखा. तिने एकही शब्द गाळला नाही. त्याने झोकदार सही ठोकली आणि घड्याळ पाहिले.

आता तिची सही उरली होती. मृणालिनीचे पेन थांबले. ईश्वरीची परीक्षा पाच महिन्यांवर होती. हा कागद गेला की दोघींचा मुक्काम महिन्याभराचा. तिने रकाना पुन्हा वाचला. मग खाली सही केली, शिक्का मारला आणि अहवाल रवानगीच्या तबकात ठेवला. माहितीपत्रकातला चौकोन रिकामाच राहिला. रकान्यातला मजकूर असा होता:

“नामिबियात खरी गोळी झाडली होती ना, ताई. फुललीच नाही, सुईसारखी आरपार गेली. हरीण संध्याकाळपर्यंत चालत होतं, आतडी ओढत, आणि आम्ही जीपमधून मागे मागे. कॅमेरामन रडायला लागला, म्हणून शूट बंद केलं. आता ते हरीण ब्रोशरमध्ये छापू का?”