हातभर बांगड्या

धाकट्या लेकीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला कासार ओसरीत बसला, तशी शेवंतानं सवयीनं हात पदराआड लपवले. थोरलीच्या वेळी ह्याच हातांनी फजिती केली होती. तुळजापुरातल्या लॉजचे संडास ॲसिडनं घासून कातडी फाटली होती. बांगडी चढवताना रक्त आलं आणि नवरीची आई बोडक्या हातांनी मांडवात वावरली. डॉक्टरांनी बजावल्यापासून ती आत सुती, वर रबरी हातमोजे घालूनच फरशीला हात लावायची. “मॅडम आल्या!” सोबतच्या बाया फिदीफिदी हसायच्या. त्याच बाया आज बघत होत्या. कासारानं पंजा दाबला, हिरव्या बांगड्या सरसर चढल्या. “लई मऊ हात! तेल लावता व्हय?” “तेल न्हाय, ते बगा!” शेवंतानं दोरीवर वाळणारे हातमोजे दाखवले. तशी त्या बायांतली एकजण म्हणाली, “मॅडम, आमाला बी आणा की!” शेवंता हसली, हातभर बांगड्या वाजवत.