गार नाही, चावतंय

जेल लावलेला सोनोग्राफीचा प्रोब पोटावर टेकताच कावेरी दचकली. टेबलाची लोखंडी कड धरलेला तिचा हात झटकन सुटला.

"जेल गार असतं," डॉक्टर धनश्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "सगळ्याच दचकतात. पडून राहा."

कावेरी मूळची शहाद्याकडची. नवरा मसाटच्या कारखान्यात कामाला. सातवा महिना लागलेला आणि सोनोग्राफीची ही पहिलीच वेळ. ती मुकाट पडून राहिली. धनश्रीने प्रोब पुन्हा टेकवला, तशी ती उठूनच बसली.

"गार नाही मॅडम. चावतंय."

धनश्रीला हसू आलं. तिच्या हातात मोजे होते, पायांत जाड रबरी चपला. तिला काहीच जाणवलं नव्हतं. बाईची समजूत पटावी म्हणून तिने मोजा काढला, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि दुसऱ्याची बोटं ओल्या प्रोबला लावली.

झिणझिणी थेट कोपरापर्यंत गेली. ती ओरडली, प्रोब हातातून पडला.

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. ओरडा ऐकून मशीन सांभाळणारा कल्पेश धावत आला. सकाळी भिंतीतलं सॉकेट सैल झालं, म्हणून त्याने मशीन एका जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं होतं. "चालेल ना मॅडम?" असं विचारलंही होतं. बाहेर गर्दी होती. धनश्रीने मान डोलावली होती.

त्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. प्रोबच्या टोकाला केसाएवढी चीर गेली होती आणि जेल तीत मुरत होतं.

"माझं बाळ?" कावेरीने विचारलं.

उत्तर देणारं मशीन समोर मुकं पडलं होतं. तिने कावेरीला आपल्याच गाडीत बसवलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या पडद्यावर बाळाचं काळीज धडधडताना दिसलं, टक टक, अगदी तालात. कावेरी रडली. धनश्री खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आमलीतल्या आपल्या दवाखान्यात ती परतली, तेव्हा सकाळी तपासून झालेल्या बायका बाकावर रिपोर्टची वाट बघत होत्या. त्यांना पाहताच ती दारातच थांबली. या सगळ्या त्याच मशीनखालून गेल्या होत्या.

कडेला किलवणीची केसरबाई बसली होती. पित्ताच्या खड्यासाठी आलेली.

"मावशी, तपासताना तुम्हाला झटका लागला होता का?"

"लागला ना." बाकावरच्या बाकीच्या माना हलल्या.

"मग बोलला का नाहीत?"

केसरबाई बुचकळ्यात पडली.

"मला वाटलं, फोटू असाच निघतो."