बाहेर कोणी नाही

फलकावर ‘सर्वसमावेशक गाव’ असं लिहून आणलं होतं आणि भामरागडपलीकडच्या त्या गावात तो शब्द कोणाच्या तोंडात मावेना. आरमोरीहून शिबिर घ्यायला आलेल्या नसीमने तो सोपा करून सांगितला. समावेश म्हणजे कोणालाही बाहेर ठेवायचं नाही. एरवी या वाक्याला टाळ्या पडतात. इथे पडल्या नाहीत.

गोलात समोर बसलेल्या नीलाबाईने विचारलं, “कोणालेच नाई?”

“कोणालाच नाही.”

“जे आपल्यानं येऊ शकत नाई, त्याले?”

“त्याले तं आपण जाऊन आणाचं, बाई,” नसीम तिच्याच बोलीत म्हणाली. एवढं लक्ष देऊन ऐकणारं माणूस नसीमला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. तिला बरं वाटलं.

नीलाबाई उठली. गावाच्या कडेला कुर्माघर होतं, पाळी आलेल्या बायकांनी ते दिवस काढायची झोपडी. दारात दीपिका नावाची शाळकरी पोर बसली होती. तिचा दुसरा दिवस होता. नीलाबाई लांबच थांबली आणि तिने माडिया बोलीत कोणाला तरी हाक मारली. दीपिका अंग चोरून दारातून बाजूला झाली. बाहेर कोणीच आलं नाही. नीलाबाई मात्र परत आली ती सावकाश, लहान पोराचं बोट धरून आणावं तशी.

गोलातली माणसं न सांगता सरकली. नीलाबाईच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी राहिली. गोलात जागा मोकळी सोडायची नाही, हे नसीमला पढवलेलं होतं. ती स्वतःच तिथे बसायला गेली.

“तिथी नका बसू,” गावचा पुजारी पत्रू म्हणाला. “सोमारी बसली हाय.”

सोमारी म्हणजे नीलाबाईची लेक, हे शेजारच्या बाईने नसीमच्या कानात सांगितलं. गेल्या पावसाळ्यात रस्ता बुडाला होता, तेव्हा कुर्माघरात तिला साप चावला. पाळीचे दिवस, म्हणून तिला उचलायला कोणी आत गेलं नाही. बाहेर मेली म्हणून तिच्या नावाचा दगड पूर्वजांच्या दगडांत लावला नाही.

नसीमने त्या जागेकडे पाहिलं. महिनाभर पाऊस नव्हता. चटई तेवढ्या जागीच ओली होत चालली होती. खोटं कशाला सांगा, नसीम घाबरली.

“बाईनं सांगतलं ना आता,” नीलाबाई पत्रूला म्हणाली. “माह्या पोरीचा दगड लाव.”

पत्रू नसीमकडे वळला. “खरंच, बाई? कोणालेच बाहेर ठेवाचं नाई?”

सगळे तिच्याकडे बघत होते. शब्द तिनेच आणला होता.

“कोणालेच नाई,” नसीम म्हणाली.

पत्रूने मान हलवली आणि तो दगड बघायला उठला. नीलाबाई रडायला लागली, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

फलक गुंडाळून नसीम निघाली. वाट कुर्माघरावरूनच जात होती. दीपिका अजून दारातच बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, नसीमनेही नाही.

“तिले तं नेलं तुमी,” दीपिका म्हणाली. “आता इथी मले सोबत कोण?”